पाच मोजेपर्यंत

"मान थोडी डावीकडे," न्हावी म्हणाला, आणि मी आरशातल्या त्याच्याकडे बघत ओरडलो, "थोडी म्हणजे किती?"

ओरडलो म्हणजे अगदी खेकसलोच. एका गालावर साबण, दुसरा मोकळा, गळ्याभोवती फडकं, आणि त्या अवतारात मी एका भल्या माणसाकडे अंशांचा हिशेब मागत होतो. त्याने वस्तरा माझ्या गळ्यापासून वीतभर लांब नेला. अकरा वर्षं तो माझी दाढी करतोय. वस्तरा कधी लांब न्यायचा हे त्याला कळतं. "थोडी म्हणजे थोडी, काका," तो म्हणाला. "आता काय कोनमापक आणू?" मागच्या बाकावर तिघं बसले होते. दोघं हसले. तिसऱ्याने वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं, पण कागद हलत होता. म्हणजे तोही हसत होता, फक्त ते त्याला कुणाच्या नोंदीत येऊ द्यायचं नव्हतं. अशा माणसांचं मी मनात वेगळं पान ठेवतो. उघड हसणारे बरे, त्यांची बाकी लगेच मिटते. मी मान वळवली, आणि एरवी बरोबर वळली असती ती आज प्रश्न विचारून बसल्यामुळे भलतीकडेच गेली. त्याने दोन बोटं माझ्या हनुवटीला लावून ती परत आणली. "एवढी," तो म्हणाला. त्याची बोटं गार होती. दोन बोटं. उरलेली दाढी होईपर्यंत मी डोळे मिटून बसलो.

शर्टाच्या खिशात कागद होता. चार घड्या घातलेला, कालपासून इतक्या वेळा उघडलेला की घडीवरची अक्षरं पुसट झाली होती. तशी मला तो उघडायची गरज नव्हती. 'नियम क्रमांक ४१ मधील "थोडं गरम" या शब्दाची मर्यादा, सत्तर ते पंच्याऐंशी अंश, मी माझ्या बत्तीस वर्षांच्या अनुभवावरून, पूर्ण विचारान्ती व कोणत्याही दबावाशिवाय सांगितलेली आहे. सदर तापमानास चालू यंत्रास उघडा हात लावणे हा कुशल कामगाराचा निष्काळजीपणा होय, असे माझेही मत आहे.' खाली माझ्या सहीसाठी एक टिंबांची ओळ. त्या 'माझेही' मधल्या 'ही'वर माझा राग होता. माझ्या वतीने मत बनवलं, ते टाइप केलं, आणि वर मला त्यात सामील करून घेण्याचा मोठेपणाही दाखवला! अकरा वाजता चौकशी होती. अकराच्या आत सही करायची, आणि मग आमच्या जखमी फिटरच्या सेवापुस्तकात 'स्वतःच्या निष्काळजीपणामुळे' हे दोन शब्द लागणार. निवृत्तीला सात महिने उरलेल्या माणसाच्या शेवटच्या पानावर.

मी ब्लोअर हाउसच्या पॅनेलवर बसतो. ब्लोअर म्हणजे भट्टीत हवा ढकलणारा पंखा. पंखा म्हटलं की लोकांना छताचा आठवतो, आमचा एकेक पंखा खोलीएवढा आहे. असे दोन. हवा थांबली की भट्टी थांबते, भट्टी थांबली की सगळा कारखाना हात चोळत उभा राहतो. बत्तीस वर्षं दर तासाला मी आकडे लिहिले: दाब, कंप, तेल, बेअरिंगचं तापमान. दुसऱ्या नंबरच्या ब्लोअरचं बेअरिंग बावन्नावर चालतं. पहिल्याचं सत्तावन्नावर, तो जरा तापट आहे. आकडे लिहायची सवय लागली की माणूस माणसांचेही लिहायला लागतो. कोण कुणापुढे किती वाकतं, कोण साहेब गेल्यावर किती वेळाने मोठ्याने बोलतं, कोण दुसऱ्याच्या चुकीवर किती सेकंद गंभीर राहू शकतं. माझी बायको म्हणते, तुमच्याजवळ बसलं की मीटर लावल्यासारखं वाटतं. मी आजवर ही स्तुती समजत आलो.

गेल्या वर्षी एक मॅडम आल्या. यंत्रांचं निदान करणाऱ्या इंजिनीअर. गळ्यात चष्मा, काखेत जाडजूड रजिस्टर. काहीही सांगा, त्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला: म्हणजे किती? "तेल जरा काळं पडलं की बदलतो." म्हणजे किती? "आवाज थोडा चिडका येतो." म्हणजे किती? आठवड्याभरात त्यांचं नाव म्हणजेकिती मॅडम पडलं, आणि त्यांना ते कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "वा! हे चांगलंय." इथे मी त्यांच्या पानावर पहिला चांगला शेरा लिहिला. त्यांनी आम्हाला समजावलं ते असं. आतापर्यंतचं यंत्र खुळ्यासारखं वागतं: एकोणनव्वद अंशाला गप्प, नव्वदला बोंब. मध्ये काही नाही. माणूस तसा वागत नाही. माणूस म्हणतो थोडं गरम, बरंच गरम, आता मात्र हद्द झाली. या शब्दांचे नियम करून ते यंत्राला शिकवायचे, याला फझी लॉजिक म्हणतात. आमच्यातला एक, ज्याला सगळे तोफखाना म्हणतात, लगेच बोलला, "म्हणजे आमची फजिती तेवढी व्हायची राहिली होती." मॅडम हसल्या आणि आलेखाच्या कागदावर तंबू काढायला लागल्या. एक तंबू 'थोडं गरम'चा: इथे सुरू होतो, मध्ये उंच, तिकडे संपतो. त्याच्यात पाय घालून दुसरा तंबू 'जास्त गरम'चा. मधल्या जागेत बेअरिंग थोडंही गरम असतं आणि जास्तही. "हे माझ्या मेव्हण्यासारखं झालं," मी म्हणालो. "एकाच वेळी थोडा शहाणा आणि जास्त शहाणा." सगळे खदखदले. खरं सांगायचं तर मला ते तंबू मनापासून आवडले होते. बत्तीस वर्षं साहेब लोक 'आकडा बोला, आकडा' म्हणून आमच्या शब्दांवर खेकसले, आणि आता एक शिकलेली बाई म्हणत होती की शब्दच बोला, आकडा मी मागाहून लावते. कुणीतरी आपल्या जिभेला ज्ञान म्हटलं की काय वाटतं ते ज्याच्या जिभेला आयुष्यभर कुणी विचारलं नाही त्यालाच कळतं.

न्हाव्याने तोंड पुसून दिलं. रस्त्यावर आलो. चौकातली पोलादी शटरं वर जात होती, एक बाई दुकानासमोर पाणी मारत होती आणि ते बरोबर माझ्या बुटांपर्यंत येऊन थांबलं. कंपनीची बस यायला वेळ होता. बस थांब्याच्या लोखंडी खांबावर ऊन पडलं होतं. मी नकळत त्याला तळवा टेकवला आणि मोजायला लागलो. एक, दोन, तीन. ही खोड फिटरची. मी नवा लागलो तेव्हा तो दोन वर्षं जुना होता, आणि त्या दोन वर्षांच्या जोरावर माझ्याशी बापासारखा वागायचा. पहिल्याच आठवड्यात त्याने माझं मनगट धरलं आणि तळवा बेअरिंगच्या पाठीवर ठेवला. "मोज," म्हणाला. मी सातला हात काढला. "ठीक चाललंय. पाचला निघाला तर थोडं गरम, मग तासातासाला येऊन बघायचं. तीनला निघाला तर गरम, इंजिनीअरला उठवायचं. टेकताच निघाला, तर विचारायचं नाही कुणाला, बंद करायचं." मी विचारलं, थर्मामीटर कशाला आहे मग? तो म्हणाला, "तो साहेबांसाठी. त्यांचे हात मऊ असतात ना." तेव्हापासून आमच्या दोघांत 'थोडं' या शब्दाची किंमत ठरलेली होती. थोडं म्हणजे पाच मोजेपर्यंत. थर्मामीटरवर ते साठाच्या आसपास येतं, मी एकदा ताडून बघितलं होतं. बत्तीस वर्षं तो यंत्राजवळून, मी पॅनेलवरून, फोनवर एवढंच बोलायचो: थोडं? थोडं. ठेव.

बस आली. खिडकीशी बसलो. गेटवरच्या फळ्याची आठवण आली. 'अखंड चालू: दिवस' असं लिहिलेला तो फळा, आणि पुढे खडूने बदलायचा आकडा. आमच्या मॅनेजर साहेबांना त्यावरूनच सगळे अखंड म्हणतात. सोळा वर्षांपूर्वी ते ब्लोअर हाउसचे शिफ्ट इंजिनीअर होते तेव्हाची गोष्ट: तो आकडा एकशे नव्याण्णव होता, आणि दुसऱ्या दिवशी दोनशेचे पेढे नाही तरी निदान भाषण होणार होतं. दुपारी माझा हात दुसऱ्या ब्लोअरवर टेकताच निघाला. मी विचारलं नाही कुणाला, बंद केला. उघडून बघितलं तर बेअरिंग ठणठणीत. वंगणाची नळी तुंबली होती, एवढंच. आणखी तासाभराने बेअरिंगच गेलं असतं, हे मला माहीत होतं, फिटरला माहीत होतं, आणि बहुतेक त्यांनाही माहीत होतं. पण फळ्यावर शून्य लागलं होतं. सगळ्यांसमोर ते म्हणाले, "काय हो भागूबाई, घाबरलात?" भित्री भागूबाई! चाळीशीच्या, मिशा असलेल्या, एका मुलीच्या बापाला. ते नाव सहा वर्षं पुरलं. तोफखान्याने तर त्याला चाल लावली होती. माझी बायको एकदा कंपनीच्या दवाखान्यात गेली तर तिथल्या माणसाने सहज विचारलं, "म्हणजे तुम्ही भागूबाईंच्या मिसेस?" ती घरी येऊन एवढंच सांगून बसली. नुसती बघत राहिली. त्या बघण्याचा आकडा मी अजून लावू शकलेलो नाही.

सही करायची नाही, हे कालच ठरवलं होतं. निदान तसं वाटत होतं. बसमध्ये मी वाक्यं जुळवत होतो. साहेब, तुमच्या पडद्याने चुकीचं सांगितलं. साहेब, माणूस कापला गेलाय आणि तुम्हाला शब्दाची मर्यादा पडलीय. साहेब, त्या कपलिंगच्या जाळीचे दोन बोल्ट चार महिने नव्हते, त्याची पण एक मर्यादा काढा. वाक्यं झकास जुळत होती, राग कसा खणखणीत वाजत होता. पण दर वेळी मी 'सत्तर ते पंच्याऐंशी' या शब्दांपाशी आलो की तो आवाज बद्द व्हायचा. तडा गेलेल्या भांड्याला टिचकी मारल्यासारखा.

अठरा दिवसांपूर्वी, सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी, नव्या पडद्यावर हिरव्याची पिवळी पट्टी झाली. पूर्वी पडद्यावर आकडे असायचे. आता मोठ्या अक्षरांत शब्द येतात आणि आकडा खाली कोपऱ्यात, मुंगीएवढा. पट्टीवर लिहिलं होतं: दुसरा ब्लोअर, बेअरिंग थोडं गरम, कंप थोडा. लक्ष ठेवा. मी फोन उचलला. फिटर खालीच होता. "दुसऱ्यावर एक नजर टाक," मी म्हणालो. "थोडं गरम दाखवतंय." तो म्हणाला, "थोडं?" मी म्हणालो, "थोडं." तो म्हणाला, "ठेव." मी आकड्यांचा माणूस. बत्तीस वर्षं कोपरान् कोपरा वाचणारा. त्या दिवशी कोपरा वाचला नाही. शब्द वाचला, कारण शब्द माझा होता. कोपऱ्यात अठ्ठ्याहत्तर होतं. जे बेअरिंग बावन्नावर चालतं ते अठ्ठ्याहत्तर. फिटरने हातमोजा काढला, पूर्ण भरवशाने तळवा टेकवला, जसा सवयीच्या घराच्या कठड्याला टेकवतात. हात झटक्यात मागे आला, मागे मोटार आणि पंखा जोडणारं फिरतं कपलिंग होतं, आणि जाळीला जिथे दोन बोल्ट नव्हते तिथे चार बोटांची फट होती. दोन गेली. उजव्या हाताची, करंगळी आणि तिच्या शेजारची.

रुग्णालयात तो उशीला टेकून बसला होता, आणि हात पांढऱ्या गाठोड्यासारखा मांडीवर ठेवला होता. त्याची बायको माझ्यासाठी खुर्ची सरकवून बाहेर गेली. मी बसलो. मग तोच म्हणाला, "अरे, मी एकसुद्धा म्हणू शकलो नाही." तक्रार नव्हती त्याच्या आवाजात. कोडं पडल्यासारखा बोलत होता. "तू थोडं म्हणालास ना?"

"पडद्यावर होतं."

"पण पडद्याला तुम्हीच शिकवलंय ना? मॅडम सांगत होत्या, त्या नियमात तुझा शब्द आहे म्हणून. मी म्हटलं, मग काय, आपलंच माणूस आहे आत." तो हसला. "तुझं थोडं मला माहीतंय. बत्तीस वर्षांत कधी चुकलं नाही. मी विचार करतोय, चढलं असेल का रे तेवढ्यात? तू सांगितल्यापासून मी पोचेपर्यंत?"

मी म्हणालो, "चढलं असेल."

हे खोटं मी कुठल्या पानावर लिहू? तो मला सोडवायला वाट काढून देत होता, कापलेल्या हाताने, आणि मी त्या वाटेने निघूनही गेलो होतो. बाहेर त्याची बायको भिंतीला टेकून उभी होती. म्हणाली, "भावजी, ते लोक म्हणतायत की यांचीच चूक. तुम्ही सांगाल ना नीट?" मी मान हलवली. किती हलवली, देव जाणे.

काल संध्याकाळी कागद घरी आणला तेव्हा बायको इस्त्री करत होती. मी खोलीभर फेऱ्या मारत त्या कागदाची, अखंडसाहेबांची, पडद्याची, तंबूंची आणि सगळ्या शिकलेल्या जगाची सालटी काढत होतो. ती ऐकत होती. मग इस्त्री उभी करून तिने विचारलं, "पण अहो, सत्तर ते पंच्याऐंशी तुम्ही म्हणालात का नाही?"

"म्हणालो. पण त्याचा अर्थ..."

"तेव्हा समोर कोण होतं?"

मी थांबलो. ती शर्टाची बाही सरळ करत होती, माझ्याकडे बघतही नव्हती. "लेक लहान असताना तिला ताप यायचा," ती म्हणाली, "तेव्हा मी कपाळाला हात लावून तुम्हाला सांगायची, बराच आहे. आणि सासूबाई समोर असल्या की सांगायची, थोडासाच आहे. नाहीतर त्या म्हणायच्या, आजकालच्या पोरींना शिंक आली तरी डॉक्टर लागतो. हात तोच. ताप तोच." इस्त्री तिने परत उचलली. "एकदा तिला झटका आला, आठवतंय? त्या दिवशी सासूबाई समोर होत्या."

मला आठवत होतं. झटका आठवत होता. समोर कोण होतं ते मी कधी नोंदवलंच नव्हतं. आणि मग ती दुपार, जिच्याभोवती मी अठरा दिवस फिरत होतो आणि आत जात नव्हतो, तिचं दार आपोआप उघडलं. बैठकीची खोली. मॅडमचं रजिस्टर. टेबलाच्या टोकाला अखंडसाहेब, 'मी नुसता ऐकायला बसतो' म्हणून बसलेले, पुढे बिस्किटांची बशी. माझ्या आधी तोफखाना. मॅडम विचारतात, थोडं गरम म्हणजे किती? तोफखाना खुर्चीत मागे रेलून: "ऐंशीपर्यंत आपण तर बघतही नाही, मॅडम." अखंडसाहेबांनी त्याच्याकडे बिस्किटांची बशी सरकवली. बस, एवढंच. एक बशी, अंदाजे एक फूट. मग माझी पाळी. माझ्या तळव्याला साठ माहीत होतं. तळवा टेबलाखाली मांडीवर होता आणि साठ म्हणत होता. साहेबांनी भुवई किंचित वर करून माझ्याकडे बघितलं, आणि त्या भुवईवर मला सहा वर्षं ऐकलेली ती चाल पुन्हा ऐकू आली. मी म्हणालो, "सत्तर ते पंच्याऐंशी." म्हणजे किती, असं मॅडमनी विचारलं नाही, पहिल्यांदाच आकडा आयता मिळाला होता. पुस्तकातही बेअरिंग तेवढ्याला चालतं म्हणतात, त्यामुळे त्यांना शंका यायचं कारण नव्हतं. साहेब म्हणाले, "अनुभव आहे." बशी माझ्याकडे आली. मी बिस्किट खाल्लं. खारं होतं.

म्हणजे यंत्र खोटं बोललं नव्हतं. त्या बिचाऱ्याने माझ्यावर विश्वास ठेवला होता, फिटरने ठेवला तसाच.

पण राग ओसरला म्हणता? मुळीच नाही. बसमधून उतरताना तो उलट दुप्पट झाला होता, फक्त आता त्याला एक जास्तीचं तोंड फुटलं होतं आणि ते माझ्याकडे होतं. गेटवरच्या फळ्यावर अठरा लिहिलेलं होतं. बोटं तुटली त्या दिवशी शून्य, दुसऱ्या दिवसापासून पुन्हा मोजणी. कुणीतरी आठ छान वळणदार काढला होता.

बैठकीची खोली तीच. टेबलाच्या टोकाला अखंडसाहेब, मध्ये मुख्य कचेरीतून आलेले चौकशी अधिकारी, या बाजूला मॅडम आणि त्यांचं रजिस्टर. बशी नव्हती. अधिकारी सभ्य माणूस दिसत होते; घड्याळाकडे बघायचं ते मनगट टेबलाखाली नेऊन.

"बसा," अखंडसाहेब म्हणाले. "फार वेळ नाही घेत. कागद वाचलात ना? सही करा आणि मोकळे व्हा."

"आकडा चुकीचा आहे," मी म्हणालो.

"कुठला?"

"सत्तर ते पंच्याऐंशी. माझं थोडं गरम साठाला होतं. पासष्टाच्या पुढे मी स्वतः हात लावत नाही."

मॅडमनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "पण तुम्हीच सांगितलंत. माझ्याकडे लिहिलेलं आहे."

"सांगितलं. खोटं सांगितलं."

अधिकाऱ्यांनी मनगट टेबलावर ठेवलं. "खोटं? कशासाठी?"

"साहेब समोर बसले होते."

अखंडसाहेब हसले, मोकळेपणाने, खोलीला सामील करून घेत. "मी काय बंदूक घेऊन बसलो होतो का?"

"नाही. बिस्किटं घेऊन."

"हे बघा, त्या माणसाबद्दल वाईट आम्हालाही वाटतं. पण असं काहीतरी बोलून तुम्ही स्वतःचं नाव घालवाल. बत्तीस वर्षांचा माणूस, आणि म्हणतो मी घाबरून आकडा फुगवला? काय हो भागूबाई..."

ते थांबले. जीभ सवयीने गेली होती, सोळा वर्षांच्या उतारावरून सरळ खाली. अधिकाऱ्यांनी विचारलं, "हे कोण?"

"मी," मी म्हणालो.

एवढं म्हणायला मला काय लागलं असेल नसेल, पण म्हटल्यावर एकदम हलकं वाटलं. जड हातोडा खाली ठेवला की हात आपोआप वर येतो ना, तसं. मी म्हणालो, एकदा वेळेवर ब्लोअर बंद केला त्याचं हे बक्षीस. ते परत मिळू नये म्हणून मी इथे या खुर्चीत बसून पंधरा-वीस अंश वर सांगितले. मी एकटा नाही. माझ्या आधीच्याने सांगितले, नंतरच्यांनी सांगितले असणार. मॅडमनी आमचं ज्ञान नाही लिहून घेतलं, आमची छाती लिहून घेतली. "मॅडम, तुमच्या रजिस्टरमध्ये लिहिलंय का, प्रत्येकाच्या वेळी खोलीत कोण होतं?"

मॅडम पानं उलटत होत्या. गोऱ्या कपाळावर आठ्या. "लिहिलंय," त्या हळू म्हणाल्या. "मी नेहमी लिहिते. वर कोपऱ्यात." चौदा ऑपरेटर, चौदा पानं. प्रत्येकाच्या कोपऱ्यात 'उपस्थित:' आणि पुढे साहेबांचं पद. त्यांनी ती एकेक करून अधिकाऱ्यांपुढे धरली. मग शेवटी एक पान आलं आणि त्यांचा हात तिथेच थांबला.

"हे पंधरावं," त्या म्हणाल्या. "हे खोलीतलं नाही. मी एकदा ब्लोअरपाशी उभी होते, तेव्हा फिटर तिथे होते, त्यांना सहज विचारलं होतं." त्यांनी वाचलं: थोडं गरम, पंचावन्न ते बासष्ट. पुढे कंसात, त्यांच्याच अक्षरात: पाच मोजेपर्यंत हात टिकतो. उपस्थित: कुणी नाही. आणि सगळ्या पानावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एक तिरकी रेघ.

"रेघ कसली?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"बाकीच्या चौदांशी मेळ बसेना," मॅडम म्हणाल्या. "एकच माणूस इतका वेगळा असला की आम्ही ते वगळतो. मी साहेबांना विचारलं होतं. ते म्हणाले, फिटर म्हणजे काही ऑपरेटर नव्हे, काढून टाका." त्यांचा आवाज शेवटी शेवटी फार बारीक झाला. "पद्धत म्हणून ते बरोबरच होतं."

पद्धत म्हणून! मला ओरडावंसं वाटलं, सकाळी न्हाव्यावर ओरडलो तसं. सगळ्या कारखान्यात एका माणसाने खरं सांगितलं, आणि ते खरं एकटं होतं म्हणून खोडलं. मग त्याच माणसाचा हात आमच्या चौदा जणांच्या मर्दुमकीवर नेऊन ठेवला, आणि आता त्या हातालाच निष्काळजी म्हणायला माझी सही हवी होती. पण ओरडलो नाही. न्हाव्यापाशी ओरडायला काही लागत नाही.

"तो कागद राहू द्या," अखंडसाहेब आता अधिकाऱ्यांशी बोलत होते. "मूळ मुद्दा, यांची सही..."

"सही करायलाच आलोय," मी म्हणालो.

मी मॅडमपुढचं रजिस्टर माझ्याकडे ओढलं. त्यांनी अडवलं नाही. पेनही त्यांनीच दिलं. तिरक्या रेघेखाली, जिथे फिटरने पाच मोजून दाखवले होते त्याच्या खाली, मी लिहिलं: माझंही हेच. मग पूर्ण नाव, हुद्दा, वेळ, अकरा वाजून चाळीस मिनिटं, आणि सही. 'उपस्थित'पुढचं 'कुणी नाही' खोडून तिथे चौघांची पदं लिहिली, माझं धरून.

रजिस्टर मी टेबलावरून अखंडसाहेबांपुढे सरकवलं. अंदाजे एक फूट.

त्यांनी त्याला हात लावला नाही. मी मनात मोजत होतो. पाच झाले. दहा झाले. मी मोजत राहिलो.